जमिनीवरच्या लढतीचा नियम आधी सांगा

माननीय संपादक महोदय,

गेल्या हिवाळ्यात नागपुरात झालेल्या मिक्स्ड मार्शल आर्ट्सच्या, म्हणजे ठोसे, लाथा आणि कुस्तीच्या पकडी असे सगळे चालणाऱ्या खेळाच्या, एका स्पर्धेत माझ्याकडे कुस्ती शिकलेला एक मुलगा वाकलेल्या अवस्थेत सापडला. त्याने दोन्ही तळवे मॅटवर टेकवले आणि आता डोक्यावर गुडघा मारता येणार नाही, या भरवशावर तो क्षणभर थांबला. त्याच क्षणी गुडघा त्याच्या भुवईवर बसला. लढत थांबली, दोन्ही बाजूंचे प्रशिक्षक आपापला नियम पंचांना सांगू लागले, आणि कोणता नियम लागू आहे हे आधी कोणालाच सांगितलेले नव्हते, असे उघड झाले.

मी त्या मुलाला दोष देत नाही. अमेरिकेतील एकीकृत नियमांनुसार जमिनीवर आलेल्या खेळाडूच्या डोक्यावर लाथ किंवा गुडघा मारणे फाउल आहे, पण ‘जमिनीवर आलेला’ कोणाला म्हणायचे याची व्याख्याच बदलत गेली. पूर्वी एक हात टेकला तरी पुरत असे. २०१७ मध्ये दोन्ही हात टेकण्याची अट आली, ती तिथल्या सर्व राज्यांनी स्वीकारली नाही, आणि नोव्हेंबर २०२४ पासून हातांना अर्थच उरला नाही: हाताचे पंजे आणि पावले सोडून शरीराचा दुसरा एखादा भाग, उदाहरणार्थ गुडघा, टेकलेला हवा. हात टेकवून बचाव मिळवण्याची पळवाट त्यामुळे बंद झाली, हे मला योग्यच वाटते. मात्र वन चॅम्पियनशिप या आशियातील लढती भरवणाऱ्या संस्थेच्या नियमांत जमिनीवरच्या खेळाडूच्या डोक्यावर गुडघा मारणे मान्य आहे, आणि आमची मुले मोबाइलवर या सगळ्याच लढती पाहतात. मोठ्या खेळाडूंचीही इथे चूक होते: मार्च २०२१ मध्ये यूएफसी या अमेरिकी संस्थेच्या लढतीत तेव्हाचा विजेता पीटर यानने गुडघा टेकलेल्या अल्जमेन स्टर्लिंगच्या डोक्यावर गुडघा मारला आणि बाद ठरून विजेतेपद गमावले. आखाड्यात पाठ टेकली की कुस्ती संपली, हे फडाभोवतीच्या लहान पोरालाही कळते. इथे तेवढी स्पष्टता नाही.

म्हणून आयोजकांनी वजन घेतानाच हा नियम मराठीत आणि हिंदीत सांगावा, मॅटवर करून दाखवावा आणि पंचांनी तो दोन्ही खेळाडूंकडून वदवून घ्यावा. पंचही जमिनीवरची पकड ओळखणारे असावेत, कारण प्रेक्षक ‘उठवा, उठवा’ ओरडू लागले की वरचा खेळाडू पकड घट्ट करत असतानाही दोघांना उभे केले जाते, आणि त्याचा फटका कुस्तीतून आलेल्या मुलांनाच बसतो.

यापुढे नियम लेखी हातात आल्याशिवाय मी माझ्या एकाही मुलाचे नाव स्पर्धेसाठी देणार नाही.

आपला,
एक कुस्ती प्रशिक्षक, महाल, नागपूर