लिंटलचा हप्ता सोडण्याआधी चार कोपरे बघा

मा. जिल्हा पालकमंत्री, बेळगाव यांना खुले पत्र

महोदय,

हे पत्र घरकुले आणि जुन्या दगडी शाळा भूकंपात टिकाव्यात यासाठी आहे.

भारतीय भूपट्ट वर्षाला सुमारे ५ सेंमी उत्तरेकडे सरकतो आणि आशियाच्या भूपट्टाला टकरतो. त्यातले साधारण २ सेंमी हिमालयाच्या पट्ट्यात जिरतात. तिथला खडक अडकून बसतो, दबतो आणि कधीतरी एकदम सुटतो. २५ एप्रिल २०१५ रोजी नेपाळात असा भूकंप झाला (महत्ता ७.८), तेव्हा काठमांडूचा परिसर जवळपास १ मीटर उचलला गेला.

ती हद्द बेळगावपासून दीड हजार किलोमीटरहून लांब. म्हणून ‘आपल्याकडे कुठला भूकंप!’ असे सर्रास ऐकू येते. पण टकरीचा दाब सगळ्या भूपट्टात आहे, आणि त्या दाबाने द्वीपकल्पातले जुने भ्रंशही (खडकातल्या भेगा) अधूनमधून सरकतात. १९९३ च्या भूकंपाआधी किल्लारी भूकंपधोक्याच्या नकाशावर सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात होती. १९६७ ला हादरलेले कोयना निपाणीपासून सरळ रेषेत सुमारे १३० किमी. तिथे धरणाच्या पाण्याचाही हात मानतात. आयएस १८९३ (२०१६) या भूकंपरोधक बांधकामाच्या भारतीय मानकात बेळगाव झोन ३ मध्ये, म्हणजे मध्यम धोक्याच्या पट्ट्यात आहे (झोन गुणांक ०.१६).

किल्लारीत माणसे मेली ती भिंतींखाली. दगडाचे दोन पदर, मध्ये खडी-माती, वर माळवदाचे ओझे. हादरा बसला की भिंतीला पोट येते, पदर सुटतात. उपाय जुनाच: दर ६० सेंमी उंचीला, आडवे १.२ मीटरपेक्षा जास्त अंतर न ठेवता, भिंतीच्या पूर्ण जाडीचा आरपार दगड.

दुसरी गोष्ट लिंटल बँड, म्हणजे दार-खिडक्यांच्या माथ्यावर सगळ्या भिंतींवरून फिरणारा काँक्रीटचा पट्टा. ५ मीटरपर्यंतच्या खोलीला ८ मिमीच्या २ सळया, दर १५ सेंमीला ६ मिमीची कडी, ७५ मिमी काँक्रीट. एवढेच. चूक होते ती इथे: गवंडी दार-खिडकीपुरते लिंटल टाकतो आणि थांबतो. बँड घरभर सलग हवा. कोपऱ्यात सळई तोडायची नाही, वळवून पुढच्या भिंतीत निदान ४० सेंमी न्यायची. कोपरा सुटला तर बाकीचे लोखंड वाया.

घरकुलाचे पैसे टप्प्याटप्प्याने मिळतात. आमची मागणी एकच: लिंटलचा हप्ता सोडण्याआधी, काँक्रीट ओतायच्या आत, पीडीओंनी (ग्रामपंचायत विकास अधिकाऱ्यांनी) चारही कोपऱ्यांतल्या सळयांचे फोटो घ्यावेत. ओतल्यावरचा फोटो काही सांगत नाही. आणि सूचनापत्रक खानापूर-निपाणीच्या गवंड्यांना वाचता येईल असे, कन्नडबरोबर मराठीतही द्यावे.

जुन्या दगडी शाळा पाडायची गरज नाही. भिंतीतून एकेक दगड हाताने काढून डमरूसारखे, मध्ये अरुंद असे भोक करायचे, त्यात हुकाची ८ मिमी सळई घालून काँक्रीट भरायचे. घण मारू नये, शेजारचे दगड हलतात. हे काम एप्रिल-मेच्या सुट्टीत उरकावे. खानापूरकडे पाऊस लागला की मातीच्या सांध्यांना हात लावता येत नाही.

आपले,
सीमाभागातील काही स्थापत्य अभियंते व भूशास्त्राचे शिक्षक