बंदची तारीख छापून येण्याआधी

ती. दादास,
सा. न. वि. वि.

तुमच्या युनियनचं मागणीपत्र वाचलं. कोळशावरचं वीजकेंद्र बंद झाल्यास ‘पर्यायी रोजगार द्यावा’ एवढं एकच वाक्य त्यात आहे. त्याला मॅनेजमेंट आनंदाने होकार देईल, कारण कोणाला, कुठे, किती पगारावर आणि कधीपासून, यातलं काहीच त्यात नाही.

इथे जर्मनीत दगडी कोळशाच्या खाणींचं अनुदान बंद करायचं 2007 मध्ये ठरलं आणि बोट्रॉपची शेवटची खाण डिसेंबर 2018 मध्ये थांबली. मधल्या अकरा वर्षांमुळे बदल्या आणि फेरप्रशिक्षणाला वाव मिळाला. स्पेनमध्ये ऑक्टोबर 2018 मध्ये करार झाला आणि त्याच वर्षअखेरीस बहुतेक खाणी बंद झाल्या. वेळ मिळाला नाही, पण आकडे पक्के होते: अटींत बसणाऱ्या 48 वर्षांवरच्यांना मुदतपूर्व निवृत्ती, तरुणांना 10,000 युरो आणि सेवेच्या दर वर्षामागे 35 दिवसांचा पगार. मात्र मुदतपूर्व निवृत्तीने माणूस सावरतो, त्याची जागा कायमची जाते. त्यामुळे सगळा जोर तिथेच लावू नका.

आधी नोंदवही करा. प्रत्येकाचं वय, सेवेची वर्षं, ट्रेड, कोणतं लायसन्स, आणि तो कोणाच्या मस्टरवर आहे. सगळ्यात जास्त वेळ कंत्राटी कामगारांना द्या. कोळसा हाताळणी, राख, साफसफाई ही कामं तेच करतात. ठेकेदार बदलला की कागदावर त्यांची सेवा पुन्हा शून्यापासून सुरू होते. भरपाई सेवेच्या वर्षांवर ठरली, तर पंधरा वर्षं राबलेल्याच्या हाती दोन वर्षांचे पैसे पडतील. जुने गेटपास, पगारपत्रकं, पीएफचे उतारे आत्ताच गोळा करा. गेट बंद झाल्यावर ते मिळणं फार कठीण.

प्रशिक्षणाचं कलम ‘कौशल्यविकास’ या शब्दावर सोडू नका. पर्यायी रोजगार म्हणून सौर प्रकल्प पुढे केला, तर लक्षात ठेवा: तो उभारताना खूप हात लागतात, चालवताना मोजके. म्हणून आधी जागा ठरावी, मग त्या जागेसाठी प्रशिक्षण, आणि त्या काळात पूर्ण पगार. अभ्यासक्रमात काय हवं तेही लिहा. वीजकेंद्रातला इलेक्ट्रिशियन मुख्यतः एसी, म्हणजे सतत दिशा बदलणाऱ्या करंटवर वाढलेला. सौर पॅनेलमधून येतो तो डीसी, एकाच दिशेने वाहणारा. डीसीमध्ये करंट शून्यातून जात नाही, त्यामुळे पडलेला आर्क (हवेतून उडणारी विजेची ज्योत) सहज विझत नाही. ऊन असेपर्यंत पॅनेलच्या तारांत विजेचा दाब (व्होल्टेज) असतोच. लोडवर असताना कनेक्टर ओढला तर हात भाजतो. आधी इन्व्हर्टर थांबवायचा, मग डीसी आयसोलेटर, म्हणजे वीज तोडणारा स्विच, उघडायचा, मग करंट शून्य आहे हे क्लॅम्प मीटरने तपासायचं. दोन वेगळ्या कंपन्यांचे कनेक्टर एकमेकांत बसवले तर संपर्क सैल राहू शकतो, तापतो आणि आग लागू शकते. हे हाताने करून शिकायचं काम आहे, ते तीन दिवसांच्या वर्गात बसत नाही.

केंद्र पाडण्याचं कामही तुमच्याच लोकांना मागा. जुन्या पाइपांच्या लॅगिंगमध्ये (उष्णता रोखणाऱ्या आवरणात) आणि गॅस्केटमध्ये अॅस्बेस्टॉस, म्हणजे फुप्फुसांना घातक तंतू, कुठे आहे, कोणत्या ट्रान्सफॉर्मरचं तेल कधी बदललं, हे त्यांना ठाऊक असतं. बाहेरचा भंगारवाला गॅस कटर चालवत सुटेल आणि धूळ सगळ्यांच्या छातीत जाईल. अॅस्बेस्टॉस आधी ओला करून, सीलबंद पिशव्यांत, योग्य मास्क लावून काढायचा असतो. तो निघेपर्यंत कटिंग सुरू करायचं नाही, अशी अट घाला.

अजून एक कलम. 1976 मध्ये ब्रिटनमधल्या लुकास एरोस्पेस या विमानांचे भाग बनवणाऱ्या कंपनीच्या कामगार प्रतिनिधींनी कारखान्यातली यंत्रं आणि कसब पाहून सुमारे 150 पर्यायी उत्पादनं सुचवली होती. हीट पंप, पवनचक्क्या, डायलिसिसची यंत्रं. मॅनेजमेंटने योजना फेटाळली. तुमची योजना नुसती ‘स्वीकारली’ असा शिक्का पुरेसा नाही. प्रत्येक मुद्द्यावर ठरावीक दिवसांत लेखी, सकारण उत्तर देणं बंधनकारक करा. उत्तर न आल्यास पुढचा टप्पा थांबेल, हेही त्याच कलमात हवं.

नोंदवहीचे रकाने आखून झाले की मला पाठव. वहिनीला नमस्कार.

तुझा धाकटा भाऊ