सुनावणीआधी धावून आलेल्यांचे मनापासून आभार

बाबा शिपाई होते. ते गेल्यावर आईला वाढीव दराचं कुटुंब निवृत्तिवेतन सुरू झालं. ठरावीक मुदतीनंतर ते कमी व्हायला हवं होतं, ते झालंच नाही. मग ‘जादा रक्कम अदा झाल्याबाबत कागदपत्रांसह हजर राहावे’ अशी नोटीस आली आणि आईच्या घशाखाली घास उतरेना.

सिव्हिल लाइन्समध्ये भेटलेले ते निवृत्त काकाजी, तुमचे उपकार कसे फेडू! तुम्ही आधी पीपीओ, म्हणजे निवृत्तिवेतन मंजुरीचा आदेश मागितला, त्यावरच्या वाढीव आणि साध्या अशा दोन दरांखाली आणि वाढीव दर संपायच्या तारखेखाली पेन्सिलने रेघ मारली, मग पासबुकातली प्रत्येक नोंद त्याच्याशी ताडून पाहिली. वसुलीच्या रकमेचा महिनावार हिशोब लेखी मागायचा, तेही तुम्हीच सुचवलं.

वकिलीचं शिकणाऱ्या ताईंनी सर्वोच्च न्यायालयाचा 2014 चा रफिक मसीह निकाल समजावला: वर्ग तीन-चारचे कर्मचारी, निवृत्त झालेले, वसुलीच्या आदेशाआधी पाच वर्षांहून जास्त काळ जादा वेतन मिळालेले, अशांकडून वसुली करता येत नाही. पण खोटा धीर नाही दिला. “जादा पैसे परत करीन असं हमीपत्र आईने बँकेत दिलंय का, ते आधी बघा,” म्हणाल्या. हे कुणी सांगतं का हो? आम्ही प्रत मिळवली, वाचली, म्हणून आई प्रश्नाला गडबडली नाही.

महाल भागातल्या झेरॉक्सवाल्या दादांनी पुसट पासबुकं पुन्हा पुन्हा गडद काढून दिली. त्यांचेही आभार.

निर्णय यायचा आहे. आई मात्र आता पोटभर जेवते.