यंदा गणपती गौरींबरोबर

ठाणे, रविवार, २६ जुलै २०२६

तीर्थरूप बाबा आणि आई यांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

हे फोनवर बोलणे मला जमले नसते. स्पीकर चालू असतो, आई मध्येच शेगडीवरचे दूध बघायला जाते, आणि बाबा, तुम्ही कोणत्याही विषयावर "बघूया, अजून वेळ आहे" म्हणता आणि फोन आईच्या हातात देता. या विषयाला आता फार वेळ उरलेला नाही. शिवाय पत्र आले की तुम्ही ते दुपारी झोपाळ्यावर बसून दोनदा वाचता हे मला ठाऊक आहे, म्हणून लिहीत आहे.

यंदा आपला गणपती अनंत चतुर्दशीपर्यंत न ठेवता गौरींबरोबर, म्हणजे शनिवारी १९ सप्टेंबरला, विसर्जित करायचा असे धाकट्या काकांनी आणि मी ठरवले आहे. भटजींना विचारले आहे, आत्यांना कळवले आहे. दुसरे असे की यंदा चतुर्थीला मी सासरी नसून तुमच्याकडे असेन. दोन्ही गोष्टी ठरवून झाल्यावर सांगते आहे याचे तुम्हाला वाईट वाटेल. पण आधी विचारले असते तर तुम्ही नाही म्हटले असते, आणि तुमच्या नकाराच्या विरुद्ध जाणे मला आजवर एकदाच जमले आहे. (त्या वेळचे पुढे चांगलेच झाले, हे आता तुम्हीही मानता.)

बाबा, कृपा करून कालनिर्णय समोर घेऊन बसा. अधिक ज्येष्ठामुळे यंदा सगळेच सण पुढे गेले आहेत आणि चतुर्थी १४ सप्टेंबरला, सोमवारी आली आहे. तुमचे डायलिसिस सोमवार, बुधवार, शुक्रवार. गौरीपूजन १८ तारखेला, तोही शुक्रवार. अनंत चतुर्दशी २५ ला, तोही शुक्रवारच. तोपर्यंत गणपती ठेवला असता तर विसर्जनाच्या दिवशी चार तास यंत्राला लागून तुम्ही घरी आला असता, आणि ज्या संध्याकाळी तुम्हाला पांघरूण घेऊन पडून राहावेसे वाटते त्याच संध्याकाळी पावसात, निसरड्या पाणंदीतून नदीवर जायला निघाला असता. "मी घरीच थांबतो" असे तुम्ही म्हणाला नसतात. गणपती घराबाहेर पडताना तुम्ही ओटीवर बसून राहिलात, असे चित्र आम्हा कोणालाच डोळ्यांसमोर आणता येत नाही, तुम्हाला तर नाहीच.

चतुर्थीच्या सोमवारचे मी डायलिसिस केंद्रातल्या सिस्टरांशी बोलले आहे. ती पाळी त्या आदल्या दिवशी, रविवारी १३ तारखेला सकाळी घेणार आहेत. "एक सोमवार चुकला तर काय होते" असे तुम्ही काकांना विचारलेत, ते माझ्यापर्यंत आले आहे. शुक्रवार ते सोमवार हे अंतर आधीच आठवड्यातले सगळ्यांत लांबचे असते, डॉक्टर त्यालाच सर्वांत जपतात. सोमवार सोडला तर शुक्रवारनंतर थेट बुधवार, म्हणजे पाच दिवस रक्तातले पाणी आणि पोटॅशियम शरीरातच साठत राहणार, आणि नेमके हेच पाच दिवस घरात नारळ, गूळ, केळी आणि पंचामृत यांचे असणार. पोटॅशियम वाढले तर दुखत नाही, खुपत नाही, सरळ हृदयाच्या ठोक्यावरच येते. मागच्या वर्षी गौरीच्या रात्री काय झाले ते मी इथे लिहीत नाही, आईला पुन्हा झोप लागणार नाही. इतकेच म्हणते की त्या आठवड्यातही "पाहुणे आहेत" म्हणून एक पाळी राहिली होती.

शुक्रवारची, १८ तारखेची पाळी मात्र हलवता आली नाही. तुम्हाला पहाटेची वेळ मिळाली आहे. काकांचा मुलगा रिक्षा घेऊन पाचला दारात येईल, तुम्ही अकराच्या सुमारास परत याल आणि तासभर पडाल. गौरीची पूजा दुपारी होईल. ती तुमच्यासाठी थांबेल, आणि थांबली म्हणून आजीचा शब्द मोडल्यासारखे होणार नाही, हे मी भटजींकडून मुद्दाम वदवून घेतले आहे. गणपती कोणाकडे दीड दिवस, कोणाकडे पाच, कोणाकडे एकवीस; ही मुदत ज्याच्या-त्याच्या घरच्या रीतीने ठरते आणि अडचणीच्या वर्षी ती कमी करण्यात दोष नाही, असे ते म्हणाले. आजोबांच्या नवसाचेही विचारले. नवस गणपती आणण्याचा होता, दिवसांचा नव्हता. दिवस पुढे वाढवले ते मोठ्या काकांनी, ज्या वर्षी ते मुंबईहून कायमचे परत आले त्या वर्षी. हे तुम्हीच मला सांगितले आहे, त्यामुळे आता नाकारू नका.

सासरचे काय, हा तुमचा पुढचा प्रश्न असणार. लग्न झालेल्या मुलीने सासरचा गणपती टाकून माहेरी येऊन बसावे हे तुम्हाला पटणार नाही, आणि आई तर शेजारणींना काय सांगायचे याचा विचार आत्तापासून करू लागेल. म्हणून सविस्तर लिहिते. मी कोणालाही न दुखवता हे केले आहे. सासूबाईंना मी वैशाखातच सांगितले होते आणि त्यांनी क्षणभरही विचार न करता होकार दिला. त्यांच्या आईच्या शेवटच्या वर्षी त्यांना जाता आले नव्हते, एवढेच त्या म्हणाल्या आणि भाजी निवडू लागल्या. जाऊबाई दीड दिवसाचे सगळे पाहणार आहेत. जावई सोमवारची आरती तिकडे करून मंगळवारी रात्रीच्या गाडीने मुलाला घेऊन येतील, म्हणजे चतुर्थी आणि ऋषिपंचमी सोडून बाकी सगळे त्याला आजोळी मिळेल. शाळेत सांगितले आहे. माझी रजा मंजूर झाली आहे आणि तीत कोणाचे उपकार नाहीत, माझ्या हक्काचीच आहे. तेव्हा "आमच्यामुळे तुझी ओढाताण" हे वाक्य दोघांनीही म्हणायचे नाही.

आता पूजेचे. पाटावर दीड तास मांडी घालून बसणे यंदा तुम्हाला नको. पाटावर मी बसेन. तुम्ही शेजारी हाताच्या खुर्चीत बसायचे, प्राणप्रतिष्ठेच्या वेळी मूर्तीला दूर्वा तुमच्याच हाताने लावायच्या आणि संकल्पात नाव तुमचेच घ्यायचे. मुलीने पाटावर बसलेले चालते का, हे मी भटजींना विचारले नाही. ते मी तुम्हाला विचारते आहे, कारण या बाबतीत तुमचे उत्तर मला हवे आहे. तुमचा नकार असेल तर काका बसतील आणि मी तबक धरून उभी राहीन. मला त्याचे काही वाटणार नाही. (थोडे वाटेल.) लहानपणी तुम्ही आचमन करत असताना मी मागून तुमच्या उपरण्याचे टोक धरून बसत असे आणि तुम्ही "केशवाय नमः" म्हटले की मीही रिकाम्या तळहातातून पाणी पीत असे. तेव्हा तुम्ही मला कधी उठवले नाहीत.

गणपतीच्या शाळेत, म्हणजे मूर्तिकाराकडे, पाट द्यायला नागपंचमीच्या सुमारास काका जातील, मूर्ती आणायलाही तेच जातील. तुम्ही बरोबर जा, रंग बघा, डोळ्यांबद्दल मूर्तिकाराशी दरवर्षीसारखे भांडा, पण मूर्ती उचलायची नाही. शाळेपासून घरापर्यंत डोक्यावर मूर्ती, वर धरलेले इरले आणि पाठीमागून पळणारी मी, हे माझ्या मनातून जाणार नाही, तुमच्या तर नाहीच नाही. परंतु डाव्या हाताच्या फिस्टुलावर (डायलिसिससाठी शिरा जोडून केलेल्या जागेवर) भार पडून तो बंद झाला तर नव्याने करावा लागतो आणि तोवर मानेत नळी घालून डायलिसिस करावे लागते. ते तुम्ही एकदा भोगलेले आहे. त्या हाताने काही उचलू नका, त्यावर डोके ठेवून झोपू नका, कोणी त्याच हाताचे रक्त घेऊ लागला किंवा त्याला रक्तदाबाचा पट्टा बांधू लागला तर तो कितीही घाईत असला तरी थांबवा. रोज सकाळी बोट ठेवून थरथर लागते का ते बघा; न लागल्यास माझ्या फोनची वाट न पाहता थेट केंद्रात जा.

गणपतीवर बांधायच्या माटवीचे सामान काकांची मुले आणतील. कवंडळे, हरणाची फुले, शेरवड, आंब्याचे टाळे, सगळ्याची यादी त्यांना दिली आहे. तुम्ही ओटीवर बसून कुठे काय बांधायचे ते सांगा. हरणे चांगली कुठल्या मेरेला मिळतात हे तुम्हालाच माहीत आहे, ते मान्य. जागा सांगा, पण स्वतः शेतात उतरू नका. भाद्रपदात आपल्याकडे दरवर्षी लेप्टोचे, म्हणजे चिखल-पाण्यातून होणाऱ्या तापाचे, रुग्ण निघतात, आणि पायाला भेग असताना चिखलात उभे राहणे कोणालाच बरे नाही, तुम्हाला तर मुळीच नाही.

आई, आता तुझ्याशी. नैवेद्याचे एकवीस मोदक आपण दोघी घरी करू, बाकीचे मी वाडीतल्या बचत गटाच्या बायकांना सांगितले आहेत. पैसे दिले आहेत, तेव्हा त्यांना नको म्हणून कळवू नकोस. उकड मी मळेन. तू ओट्यापाशी उंच स्टुलावर बसून कळ्या पाडायच्या. तुझ्यासारख्या माझ्याकडून पडत नाहीत हे मी आधीच कबूल करते. स्टूल काकांकडे पोहोचले आहे, त्याला रबरी टोप्या आहेत, घसरत नाही. तेरड्याची गौर आणायला विहिरीवर तू जा, वाजतगाजत जा, फक्त जांभ्याच्या पायऱ्यांवर माझा हात धर. आल्या दिवशीची भाजी-भाकरी मी करीन. रात्री फुगड्यांच्या वेळी तू खुर्चीत बसून गाणी म्हण, तुझ्याशिवाय ती कोणालाही पुरती येत नाहीत. तुझ्या दाबाच्या गोळ्या मी महिनाभराच्या घेऊन येते आहे. पाहुण्यांच्या गडबडीत "सकाळची दुपारी घेतली" असे चालणार नाही.

बाबांच्या खाण्याचे आहारतज्ज्ञ बाईंशी बोलून घेतले आहे. जेवणात एक मोदक चालेल, दुसरा नाही. शहाळे नाही, सोलकढी नाही, प्रसादाचे केळे नाही. पंचामृत चमचाभर. भाज्या बारीक चिरून भरपूर पाण्यात उकडायच्या आणि ते पाणी ओतून द्यायचे; ऋषीच्या भाजीचेही तेच, आणि ती बाबांना चवीपुरतीच. डाळ, अंडे, मासे यांत हयगय नको, कारण डायलिसिसमध्ये प्रथिने निघून जातात. सणाच्या शाकाहारी दिवसांत पनीर आणि घट्ट वरण सांगितलेल्या मापाने वाढायचे. मुंबईहून कोणी "कमी सोडियमचे" मीठ आणले तर ते पाहुण्यांना दे, बाबांना नको. त्यात सोडियमच्या जागी पोटॅशियमच घातलेले असते. दिवसाचे पाणी डॉक्टरांनी सांगितलेल्या एक लिटरच्या आत, आणि चहा, ताक, आमटी, तीर्थ हे सगळे त्यातच धरायचे. सकाळी एका बाटलीत लिटरभर पाणी भरून ठेव. बाबांनी जे काही प्यायले तेवढे पाणी तिच्यातून कमी कर, म्हणजे वाद उरत नाही. भजनाला बुवा आले की चहाच्या फेऱ्या होतात. बाबांचा पेला छोटा, अर्ध्या कपाचा. घसा कोरडा पडला तर बर्फाचा खडा किंवा लिंबाची फोड तोंडात धरायला देत जा. मी हे सगळे हुकूम सोडते आहे, पण रोजचे करतेस तू, आणि तू ते निमूटपणे किती नीट करतेस हे तिथे केंद्रातल्या सिस्टरही बोलतात.

पाहुण्यांचे थोडक्यात सांगते. आत्या आणि त्यांच्याकडचे सगळे काकांच्या घरी उतरतील, आपल्याकडे फक्त आरतीला आणि जेवायला येतील. मधली खोली बाबांची. तिथे कोणाच्या बॅगा पडणार नाहीत आणि दुपारी एक ते चार दार लोटलेले राहील. ज्याला सर्दी-खोकला असेल त्याने दुरून नमस्कार करावा, हे मी स्वतः प्रत्येकाला सांगितले आहे, त्यामुळे वाईटपणा माझ्याकडे आहे, तुमच्याकडे नाही. भजन रोज न ठेवता गुरुवारी एकदाच, आणि दहाला संपेल. पखवाज काकांचा मुलगा वाजवील. गजर तुम्हीच उचला, बाबा, त्याला दोन्ही हात लागत नाहीत.

रत्नागिरीच्या बारशाला तुम्ही दोघांनी जायचे नाही. मी परतताना एक दिवस उतरून बाळंतविडा देऊन येईन. बाबांची पंचाहत्तरी गणपतीच्याच महिन्यात असली तरी शांत आणि जेवण दिवाळीनंतर करू, तेव्हा हवा कोरडी असेल आणि पुण्याची मंडळीही येतील. त्या दिवशी आई तुम्हाला घरी ओवाळील, मी फोनवर असेन. पितृपंधरवडा २७ तारखेपासून आहे. आजोबांच्या तिथीचे पान काकांकडे होईल.

माझे तिकीट काढून झाले आहे. शुक्रवारी मध्यरात्रीनंतरच्या तुतारी एक्स्प्रेसने निघून शनिवारी, १२ तारखेला कुडाळला उतरेन. पावसाळी वेळापत्रकामुळे आणि गणपतीच्या गर्दीमुळे गाडीला उशीर होईल, म्हणून स्टेशनवर कोणी येऊन बसू नये, रिक्षा करून मी घरी येईन. दूर्वा, कापूर, वाती, समईचे तेल हे सगळे तिथेच मिळते. इथून काही खास हवे असल्यास आईने यादी करून काकांच्या मुलाकडून फोनवर पाठवावी, आणि बाबांनी पाटाबद्दलचे उत्तर पत्रानेच लिहावे.

तुमची
बाय