पन्नाबाबूंना, करंगळीच्या छिद्राबद्दल

आदरणीय बासरीवादक पन्नालाल घोष यांस,
सा. न. वि. वि.

तुम्ही १९६० साली गेलात, म्हणून हे पत्र असं उघड्यावरच लिहिते आहे. मी तुमच्या परंपरेतल्या एका गुरुजींकडे बासरी शिकते. वय चाळिशीच्या पुढचं, हात लहान. या वयात यमन राग हाती लागला तो तुमच्यामुळे, म्हणून आभार.

सहा छिद्रांच्या बासरीत वरची तीन छिद्रं झाकली की षड्ज (सा) आणि सगळी मोकळी सोडली की तीव्र मध्यम (चढा म). त्याच्या लगेच वरचा पंचम (प) मात्र सहाही छिद्रं पुन्हा झाकून, फुंक वाढवून काढायचा. शेजारचे दोन सूर, पण मध्ये सहा बोटांची उडी. गाणारा गळा तिथून सहज घसरतो, बासरी तिथेच अडते. यमनात आणि श्री रागात तर ही मध्यम-पंचमाची वाट पुन्हा पुन्हा लागते! तुम्ही खाली सातवं छिद्र पाडलंत आणि ते करंगळीच्या हवाली केलंत. आता पंचमावरून करंगळी हलकेच टेकवली की मींड घेत, म्हणजे सूर न तोडता घसरत, तीव्र मध्यमावर येता येतं. शिवाय मंद्रात, म्हणजे खालच्या सप्तकात, पंचमाखालचा एक सूर जास्तीचा मिळाला तो वेगळाच.

हे सगळं त्या काळात, जेव्हा बासरी म्हणजे गवळणीतलं, नाहीतर जत्रेतलं वाद्य. तुम्ही धातूच्या नळ्या करून पाहिल्या, वेगवेगळी लाकडं पाहिली, शेवटी बांबूवरच आलात. पण बांबू सुमारे ३२ इंचांचा! एवढ्या लांब नळीवर बोटांची टोकं पोचत नाहीत, पेरं आडवी ठेवून छिद्रं झाकावी लागतात. पहिले काही महिने माझ्या बासरीतून नुसती हवा यायची. घरच्यांनी ‘कुकर लावलाय का’ विचारून घेतलं. गुरुजींनी कारागिराकडून करंगळीचं छिद्र जरा बाजूला सरकवून घेतलं, तेव्हा कुठे माझा हात पोचला.

बारिसालचा, कुस्ती-मुष्टियुद्धात रमलेला मुलगा ख्यालाची विलंबित बढत, म्हणजे संथ लयीत राग हळूहळू उलगडणं, बासरीवर करतो, हे आजही नवल वाटतं. तुमचा दरबारी राग ऐकताना गंधाराचं (ग) आंदोलन, तो संथ झोका, येतो आणि हे बांबूतून येतंय हे मी विसरून जाते. हल्लीच्या मैफलीत तयारीच्या ताना आल्या की टाळ्या पडतात. मलाही त्या आवडतात, पण परत परत लावते ते तुमचे आलाप.

आणखी एका गोष्टीसाठी आभार मानायचेत. बॉम्बे टॉकीजच्या ‘बसंत’ला (१९४२) संगीत देऊन तुमचं नाव झालेलं होतं. तरीही १९४७ मध्ये, पस्तिशी उलटल्यावर, तुम्ही बाबा अल्लाउद्दीन खाँसाहेबांपुढे शिष्य म्हणून बसलात. माझ्यापेक्षा निम्म्या वयाच्या मुलांबरोबर क्लासला बसायची लाज वाटली की मला हे आठवतं. (तुमचं आणि माझं शिकणं एका पारड्यात घालत नाही, गैरसमज नसावा.)

१९५६ नंतर दिल्लीत आकाशवाणीचा वाद्यवृंद तुमच्याकडे होता. त्या रचनांपेक्षा मला तुमच्या शिष्यांचं मोल जास्त वाटतं. देवेंद्र मुर्डेश्वर, व्ही. जी. कर्नाड, निरंजन हळदीपूर. बंगाल्याची विद्या आमच्यापर्यंत आली ती अशा कानडी किनाऱ्यावरच्या आडनावांच्या हातून! मुर्डेश्वर तर तुमचे जावईही. पन्नाशी गाठण्याआधीच तुम्ही गेलात. ही मंडळी नसती तर सातवं छिद्र तुमच्याबरोबरच गेलं असतं.

हरिप्रसाद चौरसियाजींनी मात्र पुढे सहा छिद्रांच्याच मोठ्या बासरीवर जग जिंकलं. त्यामुळे ‘सातवं हवंच कशाला’ हा वाद बासरीवाल्यांत अजून रंगतो. मी त्यात पडत नाही. त्यांचा हात त्यांच्यापाशी. मला करंगळी लागते.

सध्या गुरुजींनी श्री काढलाय. कोमल ऋषभावरून (रे) पंचमावर जाताना माझा सूर अजून खाली राहतो. तेवढं जमलं की पुन्हा लिहीन.

आपली नम्र,
तुमच्या शिष्यांच्या शिष्यांची एक विद्यार्थिनी