जीएसटी अपिलाला उशीर झाला की दार कायमचं बंद, हे काहून?

संपादक साहेब, सप्रेम नमस्कार.

मी इतवारी-गांधीबागकडच्या काही लहान दुकानांचे हिशेब लिहिते आणि रिटर्न भरते. जीएसटीच्या चुकीच्या ऑर्डरविरुद्ध अपील करायला जी मुदत आहे ती लहान दुकानदाराला पुरत नाही, आणि एकदा गेली की कितीही खरं कारण असलं तरी कोणी ऐकून घेऊ शकत नाही, याबद्दल लिहायचं आहे. पेपरात जीएसटीच्या बातम्या येतात त्या रेट कमी झाला की वाढला एवढ्याच, अपिलाच्या मुदतीबद्दल कोणी बोलत नाही.

कायदा असा आहे. कलम १०७ प्रमाणे ऑर्डर कळवल्यापासून तीन महिन्यात अपील करायचं, वादातल्या टॅक्सचे १० टक्के आधी भरायचे. उशीर झाला तर सबळ कारण दाखवून अजून एक महिना मिळू शकतो, बस. चार महिने झाले की अपिलाचा अधिकारी इच्छा असूनही काही करू शकत नाही, म्हणून मी त्या खुर्चीवरच्या माणसाला दोष देत नाही, त्याचे हात कायद्यानेच बांधलेत.

आणि ऑर्डर "कळवली" म्हणजे काय तर पोर्टलवर टाकली. कलम १६९ मध्ये हातोहात, पोस्टाने, ईमेलने, पोर्टलवर असे बरेच मार्ग दिलेत पण यातला कोणताही एक चालतो, म्हणून सगळ्यात सोपा तोच वापरला जातो. आता ज्या दुकानदाराच्या रजिस्ट्रेशनला सुरुवातीपासून टॅक्सवाल्याचाच (म्हणजे रिटर्न भरून देणाऱ्या सल्लागाराचाच) ईमेल आणि मोबाईल जोडलेला आहे (२०१७ साली घाईघाईत बहुतेकांचं असंच झालं) त्याला कळणार कसं? त्यातही बरेच दिवस काही नोटिसा नेहमीच्या जागी न दिसता "अ‍ॅडिशनल नोटिसेस अँड ऑर्डर्स" नावाच्या वेगळ्याच टॅबमध्ये पडून राहायच्या, तिथे कोण बघायला जातं.

माझ्याकडे एक भाऊ आले, शिलाईचं सामान विकतात, अस्तर, बटणं, चेन वगैरे. त्यांचे आधीचे टॅक्सवाले कोरोनात गेले. २०१८-१९ च्या वर्षाची ऑर्डर एप्रिल २०२४ च्या शेवटी पोर्टलवर पडली, ईमेल गेला तो त्या वारलेल्या माणसाच्या पत्त्यावर. यांना कळलं ते दिवाळीच्या तोंडावर, जेव्हा वसुलीचं पत्र आलं म्हणून बँकेने खातं थांबवलं आणि माल पाठवणाऱ्यांचे चेक परत गेले. मला म्हणाले, "ताई, कागद हातात आला असता तं मी असा बसून राह्यलो असतो का?" चार महिने ऑगस्टमध्येच संपून गेले होते. अपील केलं, मुदतीबाहेर म्हणून फेटाळलं, आतला मुद्दा कोणी वाचलाच नाही.

आणि मुद्दा काय होता ते तर बघा. सुरतच्या पुरवठादाराने बिलं बी-टू-बी (व्यापाऱ्याला विक्री) ऐवजी बी-टू-सी (गिऱ्हाइकाला विक्री) मध्ये टाकली, म्हणून यांच्या २ए मध्ये, म्हणजे पोर्टलवर आपोआप बनणाऱ्या खरेदीच्या यादीत, ती दिसली नाहीत, म्हणून क्रेडिट (खरेदीवर भरलेल्या टॅक्सची वजावट) नामंजूर. बरोबर याच चुकीसाठी केंद्राने २७ डिसेंबर २०२२ ला १८३ नंबरचं सर्क्युलर काढलेलं आहे, २०१७-१८ आणि २०१८-१९ साठी, एका पुरवठादाराकडच्या क्रेडिटचा वर्षाचा फरक ५ लाखाच्या आत असेल तर माल दिला आणि टॅक्स भरला असं त्या पुरवठादाराचं सर्टिफिकेट चालतं. पुरवठादार द्यायलाही तयार होता! म्हणजे सरकारचंच सर्क्युलर यांच्या बाजूने, पण ते दाखवायला जागाच नाही.

हायकोर्टात जा म्हणतात. सिव्हिल लाईन्सला खंडपीठ आहे, जाता येतं, पण टॅक्सच लाखाच्या आतबाहेर असेल तर वकिलाची फी देऊन उरतं काय. शिवाय तिथेही भरवसा नाही, कलकत्ता हायकोर्टाने २०२३ मध्ये सांगितलं की लिमिटेशन अ‍ॅक्टचं (मुदतीच्या सर्वसाधारण कायद्याचं) कलम ५ इथे लागू होतं आणि उशीर माफ करता येतो, दुसऱ्या काही कोर्टांनी नेमकं उलट सांगितलं.

मला सगळ्यात जास्त खटकतं ते हे की याच दुकानदाराला इन्कम टॅक्सची ऑर्डर चुकीची आली असती तर? तिथे मुदत फक्त ३० दिवसांची आहे, पण सबळ कारण असेल तर आयुक्त उशिराचं अपील घेऊ शकतात, त्याला वरची मर्यादाच नाही. जीएसटीतही पुढच्या पायरीवर, ट्रिब्युनलला, तीन महिन्यांपर्यंत उशीर माफ करता येतो. मग पहिल्या पायरीवर, जिथे लहान माणूस वकिलाशिवाय उभा असतो, तिथेच एक महिना काहून?

सरकारला हे करता येत नाही असंही नाही. नोव्हेंबर २०२३ मध्ये ५३ नंबरचं नोटिफिकेशन काढून मुदत गेलेल्यांना ३१ जानेवारी २०२४ पर्यंत अपील करू दिलं, १० ऐवजी साडेबारा टक्के भरायला लावले, लोकांनी भरले. पण ते फक्त ३१ मार्च २०२३ पर्यंतच्या ऑर्डरींसाठी. आणि तीन जुन्या वर्षांच्या ऑर्डरी काढायची शेवटची तारीख होती ३१ डिसेंबर २०२३, ३० एप्रिल २०२४ आणि ३१ ऑगस्ट २०२४, म्हणजे खरा ढीग आला तो त्या सवलतीनंतर. नंतर व्याज-दंड माफीची योजना आली ती ३१ मार्च २०२५ पर्यंत पूर्ण टॅक्स भरणाऱ्यांसाठी, जो टॅक्स मुळात लागतच नाही तो भरा म्हणजे व्याज माफ, याला दिलासा कसा म्हणायचं.

जीएसटीचे निर्णय जिथे होतात त्या केंद्र आणि राज्यांच्या जीएसटी कौन्सिलवर महाराष्ट्राचेही मंत्री बसतात, त्यांनी दोन गोष्टी तिथे मांडाव्यात अशी माझी हात जोडून विनंती आहे. एक म्हणजे १ एप्रिल २०२३ ते ३१ ऑगस्ट २०२४ मधल्या ऑर्डरींसाठी ५३ नंबरसारखीच संधी पुन्हा द्यावी, साडेबारा टक्के घ्या, आमची ना नाही. दुसरं म्हणजे कलम १०७ मधली ती एक महिन्याची अट काढून इन्कम टॅक्ससारखा सबळ कारण बघायचा अधिकार अपिलाच्या अधिकाऱ्याला द्यावा, कारण खोटं वाटलं तर तो नाकारेलच ना.

नागपुरातल्या व्यापारी संघटनांनीही आपल्या सभासदांकडून केवळ मुदतीमुळे फेटाळलेल्या ऑर्डरींच्या कॉप्या गोळा करून निवेदनाला जोडाव्यात. माझ्याकडच्या केसेसचे कागद मी त्या दुकानदारांना विचारून द्यायला तयार आहे. आणि ज्यांनी अजून पाहिलं नसेल त्यांनी पोर्टलवर आपला स्वतःचा मोबाईल आणि ईमेल जोडलेला आहे का ते आजच बघून घ्या.

– एक हिशेबनीस, इतवारी, नागपूर