पडत्या गोणीची वीज

महोदय,

वादळ झालं की आमच्याकडे दोन-दोन दिवस वीज नसते. त्यामुळे 'माडाला वजन टांगा, घर उजळवा' असा, खाली येणाऱ्या वजनाने वीज करण्याचा व्हिडिओ वाडीत फिरला, यात नवल नाही. पण जरा हिशेब करा. 50 किलोची सिमेंटची गोणी 6 मीटर खाली आली, तर मिळते सुमारे 2,940 ज्यूल ऊर्जा. म्हणजे 5 वॅटचा दिवा जेमतेम दहा मिनिटं, तोही घर्षणात काही गेलं नाही तर! एका युनिटसाठी गोणी बाराशेहून अधिक वेळा वर चढवावी लागेल. चढवणार कोण, आमचे आप्पा? पोफळीच्या वीजघरात कोयनेचं पाणीही पडूनच वीज देतं. फक्त ते पाणी सह्याद्रीवर ऊन-पाऊस फुकट नेऊन ठेवतात.

– एक वाचक, गुहागर